सिपनेकाठची ठेव

सुट्टीत कुठे जायचे असा विषय निघाला की आपल्या घरात ठरावीकच नावे पुढे येतात. पुण्या-मुंबईची मंडळी महाबळेश्वर-माथेरान म्हणणार, नागपूरकर पचमढी म्हणणार. चिखलदऱ्याचे नाव घेतले तर ते आम्ही वऱ्हाडातल्यांनी. आणि त्या चिखलदऱ्याच्या पाठीमागे मैलोन् मैल पसरलेला मेळघाट? त्याचे नाव कुपोषणाची बातमी आली म्हणजेच वर्तमानपत्रात वाचायचे!

आज मी तुम्हाला त्या मेळघाटात नेणार आहे. पण नुसते पॉइंट दाखवायला नाही हं. आमच्या घरची एक ट्रंक पन्नासांहून अधिक वर्षे तिथल्या एका शिकारी वाटाड्याच्या घरी राहिली होती. ती आणायला आम्ही गेलो, आणि त्या निमित्ताने जे पाहिले, ऐकले, शिकले ते सांगते. कुणाकडे तरी ठेवायला दिलेली आणि राहूनच गेलेली वस्तू कुणाच्या घरी नसते? तेव्हा यातले थोडेफार तुमच्याही उपयोगी पडेल.

शिकारीचे दिवस

माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणत असू, सरकारी नोकरीत होते आणि १९६० नंतरची दहाएक वर्षे अमरावतीला होते. त्या काळी परवान्यावर शिकार चालत असे. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक मिळायचा, कोणते जनावर मारायचे, किती मारायचे हे परवान्यावर लिहिलेले असायचे. शहरातला शिकारी बंदूक, वळकटी, ट्रंक, कंदील, स्टोव्ह असा सगळा संसार घेऊन जायचा. पण शिकार खरी करायचा तो गावचा वाटाड्या! माग काढायचा तो, मचाण बांधायचा तो, हाका घालायला माणसे जमवायची ती त्यानेच, आणि जखमी जनावरामागे काट्याकुट्यात पहिला शिरायचा तोही तोच. फोटोत मात्र बंदूकवाला पुढे आणि वाटाड्या कडेला.

मामंजींचा वाटाड्या कोरकू होता, आपल्या गावचा पटेल. घरात सगळे त्यांना पटेलबाबा म्हणत. दिवाळी झाली की मधाचा डबा घेऊन ते अमरावतीला यायचे, हे आमच्या ह्यांना चांगले आठवते.

१९७१ च्या जानेवारीत मामंजी शेवटचे गेले. उन्हाळ्यात पुन्हा यायचेच आहे, ओझे कशाला वागवा, म्हणून ट्रंक आणि पोत्यात बांधलेली सांबराची शिंगे पटेलबाबांच्या घरी ठेवून आले. आणि जूनमध्ये नांदेडला बदली झाली! पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. वाघाच्या शिकारीवर तर १९७० मध्येच बंदी आली होती. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते, आणि १९७४ मध्ये तो प्रकल्प रीतसर जाहीर झाला. शिकार संपली तसे मामंजींचे पाऊल पुन्हा त्या वाटेला वळले नाही. निवृत्तीनंतर आम्ही सगळे अकोल्याला स्थायिक झालो. पुढे मामंजीही गेले.

ट्रंकेची आठवण ठेवली ती सासूबाईंनी. कारण त्या ट्रंकेत त्यांचा फिरकीचा तांब्या होता. आजच्या मुलींना तो ठाऊक नसेल. पितळेचा, झाकणाला आटे असलेला. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून. सासूबाईंच्या आईने दूध विकून साठवलेल्या पैशातून तो लेकीच्या लग्नात दिला होता आणि वर्षभरातच ती माउली वारली. मामंजी जाताना तो न विचारता घेऊन गेले. सासूबाई आज पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांच्या तोंडचे एक वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे : "बंदूक बरी ध्यानानं आणली, अन् माह्या मायचा तांब्या ठेवला जंगलात!"

निघण्यापूर्वी

मामंजींच्या जुन्या डायरीत पटेलबाबांचे नाव, गाव आणि पुढे नोंद सापडली : "ट्रंक १, सांबरशिंगे १ जोडी." ती वाचून हे लगेच निघायला तयार झाले. मी म्हटले, थांबा. तांब्याचे ठीक आहे, पण शिंगांचे काय?

इथे जरा लक्ष द्या, कारण हा प्रश्न पुष्कळ घरांत आहे. माळ्यावर आजोबांच्या वेळची शिंगे असतात, कुणाकडे कातडे असते, आणि बाळाच्या गळ्यात सोन्यात मढवलेले वाघनख तर किती हौसेने घालत असत! १९७२ च्या कायद्याने अशा वस्तू ज्यांच्याकडे होत्या त्यांनी सरकारदरबारी नोंदवून मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे होते. राहून गेलेल्यांना २००३ मध्ये आणखी १८० दिवसांची मुदत मिळाली. तीही संपली. बिननोंदणीची वस्तू सरकारची समजली जाते, आणि ती हाती आली तर ४८ तासांच्या आत वनाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला कळवावे लागते. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारसाने येऊ शकते, पण वारसाला ९० दिवसांत तशी नोंद करावी लागते. विकणे तर मुळीच चालत नाही. म्हणजे नुसते "आमच्याच आजोबांचे आहे हो" म्हणून गाडीत घालून आणणे हा गुन्हा ठरू शकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या गरिबाच्या घरी आपण ती ठेवली त्याच्यावर बालंट येऊ शकते.

खरे सांगते, त्या विचाराने मला झोप लागेना. मामंजी आपले नांदेडला निघून गेले. पण जंगलातल्या त्या घरात शिंगांचे पोते राहिले होते, तेही शिकारबंदीच्या जंगलात! म्हणून आम्ही आधी वनखात्याच्या कचेरीत गेलो, डायरीतली नोंद दाखवली, आमच्या नावाने लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. शिंगे आढळली तर हात लावू नका, आम्हाला कळवा, असे तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितले. ट्रंकेची किल्ली सासूबाईंच्या जुडग्यात होतीच. ती आणि एक काळा-पांढरा फोटो घेऊन आम्ही डिसेंबरात निघालो.

घाट चढताना

अकोल्याहून अकोट साधारण पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत पूर्णेकाठचा खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरींचे पाणी मचूळ. अकोट जवळ आले की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसू लागते, तिच्यावर नरनाळ्याचा किल्ला. पुढे अंजनगाव सुर्जी. तिथले पानमळे प्रसिद्ध आहेत, विड्याची पाने घ्यायला विसरू नका! मग संत्र्याच्या बागा, आणि परतवाडा. तुम्ही अमरावतीकडून आलात तरी परतवाड्यालाच याल.

परतवाड्याहून दोन वाटा फुटतात. एक वर चिखलदऱ्याला जाते. सुमारे ११०० मीटर उंचीचे हे थंड हवेचे ठिकाण, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले ते हेच, अशी कथा सांगतात. भीमकुंड त्याचीच आठवण. शेजारी गाविलगड, जो १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला. दोन दिवस तिथे सहज जातात. पण आमची वाट दुसरी होती : घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी.

घटांगच्या वळणांवर ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी तोंडात धरावी. दोन्ही बाजूंना सागच साग. उन्हाळ्यात हेच रान निष्पर्ण, ऊन अंगावर घेत उभे असते. डिसेंबरात मात्र पाने अजून झाडावर असतात आणि हवेत गोडसर गारवा असतो. सेमाडोहला सिपना नदी भेटते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीला झाडाचे नाव! पुढे कोलकासचे विश्रामगृह आहे, नदीच्या वळणावर उंच जागी बांधलेले. त्याच्या ओट्यावर बसले की खाली सिपना वाकून वाहताना दिसते. इतकी शांतता की पलीकडच्या काठावर पान पडले तरी ऐकू यावे.

कोरकू म्हणजे 'माणसे'. त्यांची भाषा आपल्या मराठीच्या किंवा गोंडीच्याही कुळातली नाही, ती मुंडा कुळातली. गावे पाहण्यासारखी असतात. समोरासमोर घरांच्या दोन सरळ रांगा, मधे रुंद रस्ता, सारवलेल्या भिंती, दारापुढे स्वच्छ ओटा. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण.

आम्ही चौकशी केली ती आठवडी बाजारात. हे मी मुद्दाम सांगते. जुना माणूस शोधायचा तर कचेरीपेक्षा बाजार बरा, कारण पंचक्रोशी तिथे येते. हरिसालच्या बाजारात मका-कुटकी विकायला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, मामंजींकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि कडेच्या माणसावर बोट ठेवून पटेलबाबांचे नाव घेतले.

पटेलबाबा वारून बरीच वर्षे झाली होती. आणि गाव? गाव आता तिथे नव्हतेच. व्याघ्रप्रकल्पाच्या आतली काही गावे २००१ नंतर टप्प्याटप्प्याने डोंगरावरून उठवून खाली वसवली आहेत. २००८ पासून तर कुटुंबाला दहा लाख रुपये असा हिशेब ठरला होता. पटेलबाबांचे गाव उतरले ते अकोट तालुक्यात! म्हणजे आमच्या घरापासून तास-सव्वा तासावर. आदल्या दिवशी येताना आम्ही त्या फाट्यावरूनच पुढे गेलो होतो. हे ऐकून आम्ही दोघे एकमेकांकडे बघतच राहिलो.

ठेव

नवे गाव सपाटीवर आहे. विजेचे खांब, पत्र्याची छपरे, शाळा जवळ, दवाखानाही फार लांब नाही. पण सावली नाही. घरे मात्र इथेही दोन रांगांतच बांधली आहेत.

पटेलबाबांच्या पत्नी ओट्यावर निवडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, हातभर गोंदण. त्या कोरकू बोलायच्या, मधूनच हिंदी. नातू मराठीत सांगायचा. मी त्यांना मावशी म्हटले. ह्यांनी वडिलांचे नाव सांगताच त्या उठून आत गेल्या. मला वाटले ट्रंक आणायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात कापड, कापडात घडी घातलेला पिवळा कागद.

ती वनखात्याची पावती होती. मे १९७४. सांबराची शिंगे, एक जोडी, जमा. मालक म्हणून मामंजींचे नाव. खाली पटेलबाबांचा अंगठा.

मग नातवाकडून सगळे कळले. नवा कायदा आला, शिंगे घरात ठेवणे धोक्याचे, असे कानावर आले तेव्हा पटेलबाबा आधी अमरावतीला गेले होते. घरात दुसरेच बिऱ्हाड होते. साहेब कुठे गेले ते कुणी सांगेना. तसेच माघारी आले आणि पोते खांद्यावर टाकून पायी रेंज कचेरीत गेले. शिंगे तिथे दिली, पण कागद घेतल्याशिवाय हलले नाहीत. ज्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हते त्याने आमच्या घराचे नाव कागदावर स्वच्छ करून ठेवले होते. आणि आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता!

ट्रंक आतल्या खोलीत होती, चार विटांवर. वाळवी लागू नये म्हणून मावशी दर दिवाळीला ती हलवायच्या, खालची जमीन सारवायच्या, पुन्हा ठेवायच्या. गाव उठले त्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पहिल्यांदा ती चढवली, मग घरची भांडी. मी म्हटले, "मावशी, कुलूप फोडून सामान वापरायचंत तरी." त्या हसल्या. म्हणाल्या, "अमानत थी, बाई."

किल्ली फिरेना. सायकलचे तेल सोडले, दहा मिनिटे थांबलो, मग कुलूप उघडले. खाकी स्वेटरची कसरीने चाळण केलेली, मच्छरदाणी हात लावताच विरली. कंदील, दोन इनॅमलच्या थाळ्या, स्टोव्हची पिन. आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला काळवंडलेला तांब्या. बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले सासूबाईंचे माहेरचे नाव लागले बोटांना.

मी तिथूनच अकोल्याला फोन लावला. सासूबाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फिरकी हाये का वं त्याची?" आहे म्हटल्यावर पुढचे वाक्य आले : "मंग ट्रंक तिलेच राहू दे."

ट्रंक मावशींना हवीच होती. नव्या घरात उंदीर फार, धान्याला पत्र्याची पेटी बरी. मी साडी नेली होती, ती त्यांनी लगेच अंगाशी धरून पाहिली. पावतीचे मात्र नातवाने विचारले. आजोबांचे नाव आणि अंगठा असलेला दुसरा कागद त्यांच्या घरात नव्हता. आम्ही अकोटला जाऊन तिची झेरॉक्स काढली. झेरॉक्स आम्ही ठेवली, पावती त्यांची त्यांना दिली.

निघताना मावशी एकच गोष्ट बोलल्या आणि ती मी विसरू शकत नाही. कोरकू लोक आपल्या मृतांसाठी सागाचा खांब कोरतात, त्याला मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतात. पटेलबाबांचा मुंडा वर, जुन्या गावाच्या शिवेवर राहिला आहे. आता तिथे जायला परवानगी लागते. "तुमचं सामान तुम्हाला मिळालं," नातवाने त्यांचे बोलणे सांगितले, "आमचं वर राहिलं."

यावर मी काय बोलणार होते? या गावांच्या तक्रारी मिटलेल्या नाहीत. काही कुटुंबे रागाने पुन्हा डोंगरावर गेल्याचे तुम्हीही वाचले असेल. वाघ वाढायला मोकळे रान लागते, हे खरे. पण त्या रानाची किंमत कुणी मोजली तेही आपण लक्षात ठेवायला हवे. होळीच्या आधी परवानगीचा अर्ज लिहून द्यायला यायचे, एवढे आम्ही कबूल केले आणि ते पाळलेही. परवानगी मिळाली. नातू मावशींना घेऊन वर जाऊन आला.

तुमचे काही राहिले असेल तर

आता थोडे कामाचे. जुन्या ओळखीच्या माणसाकडे वस्तू राहिली असेल तर मालकाच्या तोऱ्यात जाऊ नका. आधी निरोप पाठवा, नाहीतर फोटो घेऊन जा. कागदावर लिहिलेली आठवण, डायरी, पत्र, जे असेल ते शोधा. शिंगे, कातडे, नखे यांचा संशय असेल तर आधी लेखी कळवा, पोच घ्या, हात लावू नका. जुनी काडतुसे किंवा बंदूक निघाली तर पोलीस ठाणे गाठा. परवानाधारक वारला असला तर बंदूक घरात ठेवून चालत नाही. आणि ज्यांनी वस्तू सांभाळली त्यांना काय हवे ते विचारा. आपल्याला द्यावेसे वाटते ते आणि त्यांना लागते ते नेहमी एकच नसते.

आजच्या सफारीतही चष्मा, दुर्बीण, मुलांचे स्वेटर गाडीत राहतातच. फाटकावरच्या नोंदीत गाईडचे आणि गाडीचे नाव असते. आपली पावती घरी पोचेपर्यंत टाकू नका. तिच्यावरून गाईड सापडतो. वस्तू एसटीच्या पार्सलने मागवता येते, आणि तिचा खर्च आपण आधी पाठवायचा, बरं का!

मेळघाटला जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. वाघ दिसेलच अशी आशा धरू नका; रान दाट आहे. अस्वल, गवा, सांबर भेटतील. पावसाळ्यात आतल्या सफारी बहुतेक बंद असतात, पण चिखलदरा तेव्हाच सुंदर दिसतो. लोकरीचे कपडे, ओडोमॉस, कोरडा खाऊ आणि सुटे पैसे जवळ ठेवा. प्यायचे पाणी घरूनच न्या. आमचा तांब्या आता चिंच लावून लख्ख झाला आहे. पुढच्या खेपेला सासूबाईंनी तो स्वतः बरोबर न्यायचे ठरवले आहे.